डेमोचा नारळ

या मायबापहो, सतरंजीवर जरा पुढं सरका. बुवा उभे राहायला अजून अवकाश आहे, तवर गोरोबाकाकांच्या तेरमधल्या दैवशालाची गोष्ट ऐका. गोड आहे.

पोरगी बी.एड. झालेली. कळंबच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली. संस्थेचे नानासाहेब म्हणाले, "आठवडाभर डेमो द्या, मग बघू." पगाराचं नाव नाही. तरी दैवशाला रोज एसटी धरून जाऊ लागली. नोकरी लागली तरच घरातलं लग्नाचं बोलणं थांबणार होतं.

शुक्रवारी तिनं प्रकाशाचा धडा उघडला, तर पोरं ओरडली, "मॅडम, ह्यो अर्धा झालाय! शांतलिंग सरांनी बादलीत आरसा बुडवून भिंतीवर इंद्रधनुष्य पाडलं होतं."

"ते कोण?"

"तुमच्या आधीचे डेमोवाले. तुमी बी उद्या जाणार का? नाव पाठ होईस्तोवर माणूस बदलतंय बघा!"

दैवशालाच्या ध्यानात आलं. जागा भरायचीच नव्हती. येणारा-जाणारा उमेदवार फुकटात वर्ग ओढत होता. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर धडा अर्धाच राहणार.

शनिवारी ती नानासाहेबांपुढं उभी राहिली. त्यांच्या कपाळाला बुक्का होता.

"नानासाहेब, तुम्ही आमच्या सप्त्यात पुढं बसता. नवा पखवाजी आला तर काय करता?"

"एक अभंग वाजवून घेतो. हात बसला तर ठेवतो."

"न्हाय बसला तर?"

"जेवू घालतो, नारळ देतो. रिकाम्या हातानं धाडतेत व्हय कुणी?"

"आणि रोज नवा पखवाजी आणून सगळा सप्ता फुकटात उरकला तर?"

"देव तोंड फिरवील की!" म्हणाले, आणि जीभ चावली. "पोरी, लई बोलतीस."

"मला ठेवा, न्हायतर नारळ द्या. पण सोमवारी त्या पोरांपुढं नवा डेमो नको."

नानासाहेबांनी टेबलावरचं हजेरीपुस्तक पुढं ओढलं. मग हळूच म्हणाले, "सोमवारी ऑर्डर घ्या, मॅडम. पगार पहिल्या डेमोपासून धरतो. पण वर्गात एवढं बोलू नका."

"वर्गात तर जास्तच बोलणार!"

सोमवारी तिनं बादली मागवली आणि धडा पुरा केला. शांतलिंग सरांचा पत्ता मात्र कुणाकडंच निघाला नाही. कुठल्या तरी शाळेत ते अजून डेमो देत असतील. आज आरतीला हात जोडाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा, बाबांनो. त्यांचा नारळ अजून राहिलाय.