न मोडलेल्या घड्या

आजीने पलंगाखालची बॅग ओढली, चेन उघडली आणि तिचा हात तिथेच थांबला. सहाच्या सहा ड्रेस जसेच्या तसे. बाह्या आत, मग तीन पट्ट्या. अशी घडी घालणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते आत्ता फरशीवर गुडघे टेकून बसलं होतं. हुशार मुलांच्या या उन्हाळी शिबिरात धुलाईसाठी कपड्यांवर नंबर लागतो, म्हणून शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तिने प्रत्येक कॉलरला सतरा आकडा शिवला होता.

"आठ दिवस अंगावरच्या एका ड्रेसवर काढलेस?"

नात खिडकीशी उभी होती. तिचा पाय सारखा हलत होता.

"रोज धुते. बाकीचे बाहेर काढले की राहायचं ठरल्यासारखं वाटतं. आजी, मला घरी ने."

"कुणी टाकून बोललं? नाव सांग, बघतेच त्याच्याकडे."

"कुणी नाही गं. माझं एक गणित सुटेपर्यंत यांची तीन होतात. शाळेत मी पहिली यायचे. इथे मी कुणीच नाही."

"हे कळायला आठ दिवस लागले? मला सासरी उंबऱ्यातच कळलं होतं."

नात हसली नाही. खाली अंगणात मुलं फळ्याभोवती गोळा झाली होती. ती एकटक तिकडे पाहत होती.

"तिसरी ओळ चुकलीय," ती पुटपुटली. "आणि सगळे पुढेच पळतायत."

"मग सांग जाऊन."

"मी कशाला? मी निघालेय ना."

पण पाय हलायचा थांबला होता.

आजीने पर्स उघडली, आत पाहिलं, परत मिटली.

"जा, सांगून ये. नाहीतर वाटभर माझं डोकं खाशील."

नात जिन्यावरून धावतच गेली. मुलं बाजूला झाली. कुणीतरी वाद घातला. मग खडू तिच्या हातात आला. पाच मिनिटं झाली, वीस झाली. आजी बसली, उठली, परत बसली. शेवटी तिने एकेक ड्रेस फटकन झटकला, हँगरला लावला आणि रिकामी बॅग कपाटावर भिरकावली.

आजी फळ्याजवळून जाताना नातीने मान न वळवताच हात वर केला.

"थांब गं, आलेच!"

"थांबते हो," म्हणत आजी फाटकाकडे चालू लागली.

बस सुटल्यावर कंडक्टरने तिकिटं उलटसुलट केली.

"परतीची दोन आहेत, आजी. दुसरं माणूस कुठंय?"

आजीने मांडीवरची पिशवी उचलली, शेजारच्या सीटवर नीट बसवली.

"ही काय, बसलीय की."