मैनेची मोकळीक

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतकडच्या म्हाताऱ्या बनुबाईने बैल विकले, पण मैना घोडी काही विकली नाही. आई मेलेलं ते शिंगरू तिने शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. गुरांच्या छावणीत गाय-बैल घेत, घोडं कोणी घेईना. म्हणून तिने मैनेला श्रीरामपूरला महमूदच्या तबेल्यात ठेवलं. तिकडे कालव्याचं पाणी होतं, चाऱ्याला उसाचं वाढं मिळत होतं.

महमूद टांगेवाल्यांची घोडी सांभाळायचा. तबेल्यात अल्लाखालोखाल त्याचाच हुकूम चाले. महिन्याभराने बनुबाई आली, तर मैना पुढून-मागून दोरांनी जखडलेली आणि चारही पाय सुजलेले. रोज थोडा वेळ तरी तिला मागच्या पडीक रानात मोकळं सोडा, असं बनुबाईने सांगितलं. महमूदने साफ नकार दिला. त्या रानात बिनकठड्याची विहीर होती. भोवती काटे टाकले की लोक सरपणाला उचलून नेत, आणि मागच्याच साली तिच्यात एक बैल पडून मेला होता.

"लोकांचं जनावर हाय, बाई. जिवापाड जपतो मी. रोज हातानं फिरवतो."

"फिरवनं येगळं, सुटनं येगळं. आसं जपलं तर अधू व्हईल ती."

"मग घिऊन जा तुमची घोडी."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. परत नेणं म्हणजे उपाशी मारणं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आता बाई रडेल, नाहीतर शिव्या घालेल, असा त्याचा होरा. तिने यातलं काही केलं नाही. मैनेला रानात नेलं, दोर काढला आणि स्वतः विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली.

मैना आधी बावरली. मग धुळीत मनसोक्त लोळली, उठली आणि चौखूर उधळली ती थेट विहिरीकडे. महमूद ओरडत मागे धावला. ती काटकुळी म्हातारी मात्र जागची हलली नाही. तिने नुसते हात पसरले, आणि घोडी वळली.

मग रोज दुपारी हेच. महमूदची बायको बद्रुन्निसा बनुबाईला रात्री घरी निजवी आणि नवऱ्याकडे रागाने बघे. मैनेची सूज उतरत गेली. महमूद स्वतःला घोड्यांचा उस्ताद समजायचा, पण असं जपणारं माणूस त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. बाईपुढे आपली सगळी उस्तादी त्याला थिटी वाटू लागली.

दुष्काळी कामावरची हजेरी बुडत होती, तेव्हा बनुबाईला परतणं भाग पडलं. निघताना तिने स्वतःच मैनेला बांधायला घेतलं. "तुमाला तरी कुटवर तरास द्यायचा? पाय तेवढे चोळत जा," ती म्हणाली.

महमूदने तिच्या हातातला दोर काढून घेतला. मैनेला रानात सोडलं आणि विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिला. घोडी उधळली तेव्हा त्याने घट्ट डोळे मिटले, पण पाय हलवले नाहीत. घोडी वळली. बनुबाईने ते सगळं डोळे भरून पाहिलं, तेव्हा कुठे ती एस.टी.कडे निघाली.