डावं फूल

सोलापुरात सात रस्त्याला तेव्हा सातही रस्ते दिसत असत. त्यातल्या एकाच्या तोंडाशी शिवपुत्रचं तासाच्या भाड्यानं सायकली देण्याचं दुकान होतं. ही चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर सालची गोष्ट. गिरणीचा भोंगा झाला की अख्खं गाव घड्याळं लावायचं. शिवपुत्रनं घड्याळसुद्धा देवाला विचारून घेतलेलं, त्यामुळं ते मागं पडलं तरी त्याची चूक नव्हती.

वळसंगच्या वीरभद्राचा कौल लावल्याशिवाय त्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं. पुजारी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचा. उजवं आधी गळालं तर होकार, डावं गळालं तर नकार. या पद्धतीत सोय मोठी. गिऱ्हाईक फिरकलं नाही, भर रस्त्यात ट्यूब फाटली, की शिवपुत्र हात झटकून म्हणायचा, "आपुन काय केलं? कौलच तसा हुता."

आमटीत मीठ जास्त पडलं तरी दाक्षायणीकडं बघून तेच. लग्नही कौल लावूनच झालेलं ना!

वीस वर्षं तिनं ऐकून घेतलं. मग एका उन्हाळ्यात आमटीचं पातेलं जोरात खाली ठेवलं आणि गाठोडं बांधलं.

"जाते भावाकडं."

"का गं? मी काय केलं?"

"तुमी कुटं काय करताय! सगळं देवच करतोय की. आता मला परत आणायचं का न्हाय, तेबी त्येलाच इचारा."

पुढं काही दिवस शिवपुत्र कडक भाकरी दह्यात भिजवून खात राहिला. घरात भांडं वाजेना. शेवटी त्यानं दुकानातली त्यातल्या त्यात बरी सायकल काढली आणि वळसंग गाठलं.

पुजारी चनमल्लप्पा आता थकला होता. त्यानं फुलं लावली. डावं गळालं.

"वारा आला वो," शिवपुत्र म्हणाला. "परत लावा."

परत डावं.

"फूल नीट भिजलं न्हाय."

चनमल्लप्पानं चांगलं बुडवून लावलं. डावंच.

म्हातारा आता फुलाकडं न बघता शिवपुत्रकडं बघून हसायला लागला. "लग्नाच्या येळंलाबी हेच. सकाळपास्नं डावं पडत हुतं आन तू वाऱ्याचं नाव घेत हुतास. दुपारी एकदाचं उजवं पडलं तवा माज्या पाया पडलास. परडी रिकामी केलास, मर्दा! मला जेवायला उशीर झाला."

शिवपुत्रला ती दुपार आठवली, आणि तिच्याआधीची जत्राही. उंच पाळण्यात बसलेली, किंचाळायचं सोडून खालच्या लोकांच्या डोक्यावर शेंगांची टरफलं टाकणारी ती पोरगी. एक टरफल त्याच्या टोपीवर पडलं होतं. ती टोपी त्यानं बरेच दिवस झटकली नव्हती. देवाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पाहिजे ते उत्तर येईस्तोवर नुसतं विचारत बसला होता.

"आणिक लावू?" चनमल्लप्पानं परडीत हात घातला.

"नगं. देवाला कटाळा आला आसंल."

मेव्हण्याच्या अंगणात दाक्षायणी शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काय पडलं?"

वीरभद्र दोन कोस मागं राहिला होता. खोटं बोलायला हरकत नव्हती.

"डावं."

तिचा हात थांबला. "मग हितं कशाला आलात?"

"तुला न्यायला." त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. "लग्नालाबी डावंच पडत हुतं. मीच पुजाऱ्याला सोडलं न्हाय. मला तूच पायजे हुतीस. देवाचा त्यात काय हात न्हाय."

दाक्षायणीनं मान वर केली. मग तिनं मूठभर टरफलं उचलून त्याच्या टोपीवर टाकली.

"आन वीस वर्सं त्या बिचाऱ्याच्या माथ्यावर खापर फोडलंत व्हय!"

बिचारा म्हणजे वीरभद्र.

परतीला ती मागं कॅरिअरवर बसली. वळसंग ओलांडलं आणि मागची ट्यूब फाटली. शिवपुत्र उतरला, चाक दाबून पाहिलं आणि सवयीनं हात झटकून तोंड उघडलं.

"काय?" दाक्षायणीनं विचारलं.

"ट्यूब जुनी हुती," तो म्हणाला. "मीच बदलली न्हाय."

गाठोडं कॅरिअरवर ठेवून दोघं चालत निघाली. सोलापूर अजून बरंच लांब होतं.