पाठकोऱ्या कागदावरचा अर्ज

मी एक जुना प्रिंटर आहे. चालू केलं की आधी तीनदा खोकतो, मग कामाला लागतो. मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते चिमीच्या घरात, खिडकीजवळच्या स्टुलावर. नवा होतो तेव्हा काय माझे लाड! चिमीची आई मला मऊ फडक्यानं पुसायची. आता माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. चालायचंच.

या घरात पाठकोरा कागद कधी टाकून देत नाहीत. एक बाजू छापलेली असली, तरी उलटा करून माझ्यात घालतात. हे खातं चिमीकडे.

चिमीची आई दिवसा एका ऑफिसात टायपिंग करायची आणि संध्याकाळी बेकरीच्या काउंटरवर उभी राहायची. ती घरी यायची तेव्हा चिमी झोपलेली असायची. एकच बरी नोकरी मिळावी आणि संध्याकाळ लेकीसोबत जावी, एवढंच तिला हवं होतं.

चिमीचा मामा म्हणजे सल्ल्यांचं दुकान. बेकरीची नोकरी लागली, तेव्हा त्यानं छातीठोकपणे सांगितलं की दोन्हीकडच्या फॉर्मवर 'माझी हीच एक नोकरी' असं लिही. तिनं लिहिलं. दोन्हीकडच्या लोकांना वाटलं, हिची कमाई एवढीच, म्हणून दोघांनीही कर अगदी थोडा कापला. वर्ष संपल्यावर दोन्ही पगार एकत्र मोजले गेले आणि राहिलेला कर एकदम भरावा लागला. चिमीच्या सायकलीचे पैसे त्यात गेले. मग आईनं दोन्हीकडे खरं काय ते सांगून टाकलं. पुढच्या वर्षी कर दर महिन्याला नीट कापला गेला. दोन्ही नोकऱ्या मांडलेला तो हिशोब मीच छापला, एक प्रत जास्त निघाली आणि चिमीनं ती उलटी करून माझ्यात घातली.

पुढे एका रुग्णालयात चौकशी काउंटरच्या प्रमुखाची जागा निघाली. मामा पुन्हा हजर.

"ताई, बायोडेटात बेकरी लिहू नकोस. म्हणतील, हिचं मन एका जागी लागत नाही."

आईला ते पटलं नव्हतं, पण मुलाखत दुसऱ्या दिवशी होती आणि ती दमली होती. मामानं एक कोरा करकरीत कागद सगळ्यांत पुढे लावला. आता खरं सांगतो, नवा गुळगुळीत कागद माझ्या म्हाताऱ्या रबराला धरवत नाही. तो निसटला, आणि त्याच्या मागचा, तो हिशोबाचा पाठकोरा कागद ओढून मी बायोडेटा त्याच्या कोऱ्या बाजूला छापला. आईनं न बघता पाकिटात घातला.

मुलाखतीत रुग्णालयाच्या मोठ्या बाईंनी कागद सहज उलटला. बेकरीचं हे काय, असं त्यांनी विचारलं. कुणाचा तरी कागद चुकून आलाय, असं म्हणता आलं असतं. पण एकदा लपवून हात पोळले होते.

"माझंच आहे," आई म्हणाली. "लिहायला लाजले."

मग तिनं कराची सगळी फजिती सांगितली. बाई पोट धरून हसल्या. संध्याकाळी काउंटरवर किती गर्दी असते, चिडलेल्या माणसाशी ती कसं बोलते, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्यांना असंच माणूस हवं होतं. टायपिंगबद्दल तर त्यांनी विचारलंही नाही!

घरी येऊन आईनं नोकरी मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा आनंदानं मी उगाचच एक कोरा कागद बाहेर टाकला. मामा म्हणाला, आता पगार वाढला, हा डबा भंगारात दे.

"याला? अरे, मला नोकरी यानं लावली," आई म्हणाली आणि माझ्या डोक्यावरचे कपडे उचलून तिनं मला पुसलं. किती दिवसांनी!

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला अधूनमधून पुसत जा. आणि कष्टाचं काम कधी कागदाच्या मागे लपवू नका. आता खिडकीबाहेर चिमी नव्या सायकलवर डुगडुगते आहे, तिची आई सीट धरून मागे पळते आहे, आणि अजून चांगला उजेड आहे.