उलट बाजूची पाटी

रेल्वे बंगल्यातली अँग्लो-इंडियन मडम कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली आणि तिनं घरचं सामान विकायला काढलं, तेव्हा मी गेले होते तिच्या शिवणाच्या डब्यासाठी. परत आले ती जिगसॉ घेऊन! जिगसॉ म्हणजे विजेवर चालणारी, हातात धरायची करवत. मडमेच्या नवऱ्यानं ती व्हरांड्यात लावून दाखवली आणि माझा जीव तिथंच अडकला. पातं कसं खालीवर, खालीवर! ही तर माझ्या शिलाई मशीनची सख्खी बहीण. ती जोडते, ही तोडते, एवढाच फरक.

आमचे मालक साहेबराव दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर. त्यांनी करवत उलटीपालटी करून पाहिली. "चांगुणा, ब्लाऊज कापणार हायेस का ह्यानं?"

"विहाराची पाटी कापणार हाय," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलंच.

आमच्या वस्तीतला नवा विहार बुद्धपौर्णिमेला उघडायचा होता. कमिटीचे हौसराव आप्पा पुण्याहून पत्र्याची रंगवलेली पाटी आणणार होते. मला ते मुळीच पटेना. विटा आम्ही डोक्यावरून वाहिल्या, भिंती आमच्या हातच्या, आणि नाव तेवढं बाहेरून? मी आप्पांना जाऊन सांगितलं, लाकडी अक्षरं मी कापून देते.

आप्पा गालात हसले. "काप की. पत्र्याची पाटी आणून ठिवतो. तुझं जमलं तर तुझी लावू, न्हाई तर ती."

ते हसू मला असं झोंबलं की मी तडक चांदभाई मिस्त्रींच्या दुकानात गेले. जिगसॉबरोबर बिस्किटांच्या डब्यात जुनी पाती मिळाली होती. चांदभाईंनी ती फळीवर पसरली.

"हे मोठ्या दाताचं. झपाझप कापतं, पण प्लायवुड फाडतं. हे बारीक दाताचं लोखंडासाठी. आन् हे अरुंद, ते वळणाला."

"म्हंजी सुयांसारखंच की! मांजरपाटाला सोळा नंबर, वायलला अकरा."

"व्हय वैनी, तसंच."

तुकड्यांवर एकेक लावून पाहिलं. मोठ्या दातांनी कडेचे लचके तोडले. लोखंडाचं पातं इतकं रेंगाळलं की धूरच निघाला. मग अरुंद पातं लावलं आणि 'ब'ची गोलाई धरली. वळलं! लोण्यातून गेल्यासारखं वळलं! हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या, नाकात भुसा, आणि मी एकटीच हसत सुटले होते.

"ढकलू नका वैनी. तिच्या कलानं घ्या."

"मला सांगताय? कापड ढकललं की सुई मोडते."

"आन् हे दात वर तोंड करून हायत. पातं वर येताना कापतं, म्हणून वरच्या अंगाला कुसळं निघत्यात. चांगली बाजू खाली ठिवा."

"ठाऊक हाय. कापडावर पण खुणा उलट्या बाजूलाच करतात."

मी प्लायवुड पालथं घातलं आणि पाठीवर झोकात लिहिलं, 'बुद्ध विहार'. आतल्या पोकळ्यांसाठी भोकं पाडली, त्यांत पातं घालून फिरवलं. मागं वळून म्हणून बघितलं नाही. दोन्ही शब्द सुटे झाले तेव्हा मी ते सुलट करून भिंतीला टेकवले. कडा काय सुरेख निघाल्या होत्या!

एवढ्यात साहेबराव आले. बघत राहिले. "ही कुठल्या मुलखाची भाषा?"

'विहार'मधला 'र' डाव्या हाताला जाऊन बसला होता. सगळी अक्षरं आरशातली! ब्लाऊजचं डावं अंग आणि उजवं अंग एकमेकांचे आरसेच असतात, उलटं कापलं तरी जोडी जुळते. अक्षरांना कुठली आलीय जोडी! मला आधी चांदभाईंचा राग आला, मग करवतीचा, आणि शेवटी माझा. पौर्णिमा उद्यावर आली होती आणि तसलं प्लायवुड दुकानात उरलं नव्हतं.

मी अक्षरं परत पालथी केली. आता वाचता येत होतं, पण कडेकडेनं नुसती कुसळं. कुठं कुठं तर वरचा पापुद्राच उडालेला. चांदभाईंनी काचकागद घासून पाहिला, पण उडालं ते कुठून भरणार? मी त्या कडांवरून बोट फिरवत बसले. कापडाच्या दशा निघाव्यात तशा दिसत होत्या. दशा निघाल्या की मी काय करते?

"पायपिंग!" मी एवढ्यांदा ओरडले की चांदभाईंच्या हातातला काचकागद पडला.

पौर्णिमेला घालायच्या ब्लाऊजसाठी मी शिरूरच्या बाजारातून निळं सॅटिन आणलं होतं. त्याला कात्री लावण्याआधी दोनदा घडी घालून परत ठेवलं, खोटं कशाला सांगू. पण पट्ट्या तिरप्या कापल्या, कारण तिरपं कापड वळणावर मुकाट वळतं. सरस लावून एकेक कड बांधत गेले. पांढऱ्या रंगाचा हात आधीच दिला होता, त्यावर निळी किनार झळकली.

सकाळी हौसराव आप्पा पत्र्याची पाटी काखेत मारूनच आले होते. मी जुन्या ब्लाऊजमध्ये उभी. आप्पांनी अक्षरं वाचली. मग वाकून 'द्ध'च्या वळणावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"चांगुणा, हे कापलंय का शिवलंय?"

"दोन्ही, आप्पा."

त्यांनी पत्र्याची पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि शिडी आणायला स्वतःच गेले.