एकांड्याचा दिवा

वैशाख सरत आला होता, आणि पश्चिम समुद्रावर सायंकाळ उतरत होती. ताम्रवर्णी, धूसर, लवणगंधी सायंकाळ. आकाश कोणते आणि पाणी कोणते हे सांगणारी क्षितिजाची रेघ उकाड्याच्या धुरकटात विरून गेली होती. नैर्ऋत्येकडून लाटा येत होत्या. फेस नाही, गर्जना नाही, नुसत्या एकीहून एक उंच. पावसाळ्याला अजून अवकाश होता, पण समुद्राला तो माणसांच्या आधी कळतो.

किनाऱ्यापासून इतक्या दूर, की जिथे वाट चुकलेला पक्षीही क्वचितच येतो, तिथे चार पोलादी पायांवर एक तेलविहीर उभी होती. निर्जन, निःशब्द, निर्विकार. दूर दक्षिणेला, कंपनीच्या मुख्य प्लॅटफॉर्मवर, माणसांची वर्दळ, भटारखान्यातला फोडणीचा वास, रात्रीचा कॅरम. आणि इथे मात्र कुणीही नाही. म्हणून सगळे तिला एकांडा म्हणत.

या एकांड्याला वीज कोण देणार? किनाऱ्यावरून तार येत नव्हती, आणि इंजिन ठेवावे तर त्याच्याशी बोलायला माणूस हवा. तेव्हा विहिरीनेच आपल्या पोटातून आपला दिवा पेटवायचा, अशी युक्ती केलेली होती. तेलाबरोबर वर येणारा वायू, त्यातला चिमूटभर एका लोखंडी पेटीत जळत राही. ज्योतीच्या बाजूने धातूची पट्टी तापे, आणि पाठीमागून समुद्राचा वारा तिला गार करी. त्या तापाच्या आणि त्या गारव्याच्या मधोमध, आवाज न करता, वीज जन्म घेई.

थेंबाथेंबाने जन्मे, आणि थेंबाथेंबाने बॅटरीत साठे. निळी ज्योत, पेटीच्या अंधारात एकटी, रात्रंदिवस जागी. तिचे मागणे एकच होते. ओल्या वायूतून गळणारे पाणी आणि पातळ तेल खालच्या एका भांड्यात जमे. ते भांडे वेळेवर रिकामे करावे. केले, तर ज्योत सुखी. नाही केले, तर ती आपल्याच घरात बुडून मरायची.

त्या विजेवर दोघे जगत होते. एक, विहिरीचे दार, म्हणजे तिची झडप, उघडे ठेवणारे यंत्राचे कपाट. आणि दुसरा, माथ्यावरचा दिवा. दोनदा लहान, एकदा लांब. दोनदा लहान, एकदा लांब. इथे लोखंड उभे आहे, जरा जपून, असे तो काळ्या पाण्याला रात्रभर सांगत असे.

त्या ज्योतीची देखभाल मोरेश्वरकडे होती. करंजा बंदराच्या पोशा नाखव्याचा हा धाकटा मुलगा. त्याने जाळे सोडून कंपनीची नोकरी धरली, तेव्हा पोशा नाखवा महिनाभर घुश्शात होता. "कोल्याचा पोर दर्यावर जानार, आनि म्हावरं सोडून लोखंडी पाने पिलत बसनार! लोकांना काय तोंड दाखवू?" असे तो बंदरावर भेटेल त्याला ऐकवायचा.

मग एका परतीच्या प्रवासात त्याला तो दिवा दिसला. चहूकडे काळोख, खाली काळोख, आणि मधोमध एक इवलासा उजेड उघडझाप करत असलेला. पोशाने इंजिन मंद केले आणि कितीतरी वेळ बघत राहिला. त्या दिवसापासून बंदराचा सूर बदलला. "तो माज्या पोराचा दिवा हाय. चांद इझंल, पन तो नाय इझनार." लोक गालातल्या गालात हसत. बापाला कौतुकाचे भरते आले, की त्याला बांध घालणारा अजून कुणी जन्मला नाही.

आणि नाखव्याने आपली वाटच त्या दिव्याला बांधून टाकली. जाळी ओढून झाली, की होडीचे नाक दिव्याकडे करायचे. दिवा दिसला, वाढला, मोठा झाला, की त्याला डाव्या हाताला टाकून पूर्वेला वळायचे. पूर्वेला घर.

आता खरे सांगायचे, तर दिवा विझला होता.

देखभालीच्या मागच्या फेरीला लाटा उंच होत्या. खाली लाँच हाकणारा सारंग भोंग्यावर भोंगा वाजवत होता, आणि त्या भांड्याची तोटी गंजून घट्ट झाली होती. मोरेश्वरने एकदा पिळली, दोनदा पिळली, आणि म्हणाला, "पुढच्या फेरीला बघू." याला आळस म्हणणे जड जाईल, हरभऱ्याच्या डाळीएवढी टाळाटाळ होती ती. पण पुढची फेरी लाँच बिघडल्याने झालीच नाही. ती दुरुस्त होईपर्यंत भांडे भरले. ज्योत बुडाली.

बॅटरी उतरत गेली, तेव्हा यंत्राच्या कपाटाने त्याला शिकवले होते तेच केले. वीज थोडी उरली, की आधी दिवा तोडायचा. विहीर शेवटपर्यंत चालू ठेवायची. तेल वाहते राहिले पाहिजे. दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. इथे दिव्यातच अंधार शिरला, आणि तोही अगदी नियमाप्रमाणे.

मुख्य प्लॅटफॉर्मच्या कठड्याशी मोरेश्वर दुर्बीण लावून उभा होता. दुपारी याच दुर्बिणीतून त्याने बापाची होडी पाहिली होती. निळी, पिवळ्या पट्ट्याची 'हिरावती', पश्चिमेला जाळी ओढत असलेली. हंगामाची शेवटची फेरी; आता ती घराकडे वळणार. सूर्य बुडाला. एकांड्याचा माथा पेटायची वेळ झाली. तो पेटला नाही. मोरेश्वरने दुर्बिणीची काच पुसली, पुन्हा पाहिले, आणि तो साहेबांच्या खोलीकडे धावला.

साळगावकर साहेब प्लॅटफॉर्मचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण समोरच्या तक्त्यावरचे हिरवे दिवे पाहून निश्चिंत होण्याची त्यांना सवय होती. "विहीर चालू दिसतेय, मोरेश्वर. दिव्याचं सकाळी बघ. या लाटांत दोराला लोंबकळून उडी मारणार आहेस का?"

"साहेब, त्या वाटेनं बाप येतोय माझा."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, मग काळवंडत चाललेल्या पाण्याकडे पाहिले. "लाँच घे," एवढेच म्हणाले.

लाँच एकांड्याच्या पायांशी आली, तेव्हा लाट तिला वर उचलत होती आणि खाली आपटत होती. वरून कायमचा बांधून सोडलेला जाडजूड दोर वाऱ्यात झुलत होता. लाटेच्या माथ्यावर तो धरायचा, आणि लाट खाली जाण्याआधी स्वतःला लोखंडावर झोकून द्यायचे. मोरेश्वरने झोकून दिले. गुडघा फुटला, पान्यांची पिशवी वाचली. विजेरी मात्र खिशातून निसटली आणि समुद्राने गिळली. त्या पायांजवळ लाँच थांबवणे म्हणजे ती फोडून घेणे; सारंगाने ती मागे घेतली, आणि तिची बत्ती धुरकटात दूर दूर होत गेली.

मोरेश्वर जिना चढत होता. संधिप्रकाशाची शेवटची राख आकाशात उरली होती. आणि पश्चिमेकडून, लाटांच्या पाठीवरून, एक ओळखीचा आवाज येत होता. टुक टुक टुक टुक. त्या इंजिनाच्या आवाजावर तो लहानाचा मोठा झाला होता. पाळण्यात असल्यापासून त्या आवाजाचा अर्थ एकच होता, बाबा आले. आज तोच आवाज ऐकून तो दोन दोन पायऱ्या एकदम चढू लागला.

तिकडे 'हिरावती'च्या नाळीवर, अगदी पुढच्या टोकाला, जोमा खलाशी उभा होता. डोळे फाडून समोर बघत होता. दक्षिणेला मोठ्या प्लॅटफॉर्मचा उजेड धुरकटात सांडलेल्या हळदीसारखा पसरला होता. त्यावरून अंतर कुणाला कळावे?

"नाखवा, जवल आलाव आपन. माजं मन सांगतंय. इंजान बारीक करा."

"दिवा दिसला तुला?"

"नाय दिसला."

"मंग? जवल आलो अस्तो, तर दिसला नस्ता? अजून लांब हाय."

"तिकडं एक बत्ती दिसली, नाखवा. गेली पन लगीच."

"ती कंपनीची लाँच. ती रातभर भटकत अस्ते. आपला दिवा दोनदा बारीक, एकदा लांब." पोशा नाखव्याने सुकाणू काखेत धरले आणि बिडी शिलगावली. "जोमा, चुकंल तर माजा अंदाज चुकंल. दिवा नाय चुकायचा."

आणि त्याने इंजिन आणखी वाढवले. अंधारावर विश्वास ठेवून कुणी अशी होडी हाकत नाही; तो मुलावर विश्वास ठेवून हाकत होता. दिसत नाही म्हणजे दूर आहे. दिसत नाही म्हणजे दूर आहे. किती साधा, किती सरळ, किती भयंकर हिशोब! समोर, बिडीच्या धुरापलीकडे, पोलादाचे चार पाय काळोखात काळे होऊन उभे होते.

मोरेश्वरने तोटीला पाना लावला आणि सगळे अंग त्यावर टाकले. गंज करकरला, तोटी फिरली, भांड्यातले काळे पाणी भसाभसा वाहून गेले. त्याने खटका दाबला. ठिणगी उडाली, विझली. पुन्हा दाबला. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा पेटीच्या तळाशी निळे काहीतरी हलले, घाबरले, आणि मग उभे राहिले. ज्योत! लाजरी, निळी, जिवंत ज्योत.

पण दिवा लागला नाही. लागणार कसा? पट्टी अजून गार होती. तिला तापायला वेळ हवा, विजेला ठिबकायला वेळ हवा. ज्या ज्योतीपाशी उभा जन्म घाई नव्हती, तिच्याकडे तो आता घाई मागत होता. टुक टुक टुक टुक. आवाज वाढला होता. तो कठड्याशी धावला आणि ओरडला, "बाबा! ओ बाबा! वळा!" वाऱ्याने त्याची हाक त्याच्याच तोंडात परत कोंबली.

मग तो कपाटाकडे वळला. आत यंत्राचे हिरवे डोळे शांत लुकलुकत होते. बॅटरीच्या तळाशी उरलेली थोडीशी वीज हे कपाट एकटेच पीत होते, विहिरीचे दार उघडे ठेवण्यासाठी. ती तार तोडली, तर विहीर मिटणार. मिटली, तर उद्या साहेब विचारणार, साहेबांना त्यांचे साहेब विचारणार, आणि नोकरीही कदाचित जाणार. हे सगळे त्याला ठाऊक होते. इतके ठाऊक असूनही विचार करायला त्याला क्षणही लागला नाही. त्याने तार उपटली.

पायाखाली कुठेतरी खोल, झडप मिटल्याचा धप्प आवाज झाला. पाइपांतून चाललेली अखंड कुजबूज थांबली. रात्रंदिवस वाहणारी विहीर गप्प झाली. उपटलेल्या तारेच्या जागी मोरेश्वरने दिव्याची तार दाबून धरली. नुसत्या बोटांनी, कारण पाना शोधायला आता अंधार फार होता.

दिवा लागला.

लहान. लहान. लांब.

त्या पहिल्या लांब उजेडात होडी दिसली. समोर नव्हे, खालीच! पिवळा पट्टा, नाळीवर दोन्ही हात वर केलेला जोमा, आणि सुकाणूशी तोंडातली बिडी गळून पडलेला बाप. पोशा नाखव्याने सुकाणूवर सगळे अंग लोटले. होडी कलंडली, इतकी की तिचे एक अंग पाण्यात बुडाले, जाळ्यांचा ढीग घसरला, आणि पोलादाच्या पायाला खरवडत, कर्कश किंचाळत, ती बाजूने निघून गेली. निघून गेली! पलीकडच्या पाण्यात सरळ झाली, डोलली, तरंगली.

मोरेश्वरने श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर त्याला रडू फुटले. बाप जिवंत होता. आता बाप शिव्या घालेल, असे त्याला वाटले. घालाव्यात, पोटभर घालाव्यात. कोण मेला दिवा मालवून झोपला होता म्हणून साऱ्या दर्याला ऐकू जाईल असे विचारावे. त्या शिव्यांसाठी त्याचे कान आसुसले होते. आपण त्या कमावल्या आहेत, हे त्याला कळत होते.

खाली इंजिन मंदावले. लाटांच्या दोन उसळ्यांमध्ये जोमाचा रडवेला आवाज आला, "मेलो अस्तो, नाखवा! आता मेलो अस्तो!"

आणि बापाचा आवाज आला. थरथरता, धापा टाकणारा, पण आनंदाने फुललेला.

"पन दिसला का नाय? बोललो व्हतो ना तुला! येल आली आनि दिसला. माजा पोर झोपत नाय, जोमा. माजा पोर कंदी झोपत नाय."

मोरेश्वरने तोंड उघडले. बाबा, मी इथे आहे. बाबा, मीच विझवला होता. एवढेच शब्द पुढे ढकलायचे होते, आणि खाली ते ऐकूही गेले असते. आता इंजिन मंद होते, वाराही क्षणभर पडला होता. शब्द ओठांपर्यंत आले. तिथेच बसून राहिले.

होडी पूर्वेला वळली. वळता वळता पोशा नाखव्याने डोक्याची टोपी काढली, सुकाणू मांडीने अडवले, आणि मान वर करून, जसे घराबाहेर पडताना देवीला जोडावेत तसे, दिव्याला दोन्ही हात जोडले.

दिवा पेटला, मिटला. पेटला, मिटला. मग तो लांब पेटला. आणि तार बोटांत तशीच धरून, जेवढे सरकता येईल तेवढे, मोरेश्वर त्या उजेडातून, त्या नमस्कारातून, बाजूला झाला.