तिनाचं झाड

कॉर्कच्या झाडाची साल, जिची बाटल्यांची बुचं होतात ती, एकट्यानं निघत नाही. एका झाडाला दोन माणसं लागतात, दोन कुऱ्हाडी लागतात, आणि दोघांचं जमावं लागतं. माझं आणि फिर्मिनोचं जमायचं. म्हणजे दिवसभर भांडायचो, पण कुऱ्हाडी एका तालात पडायच्या. आता माझे गुडघे कुरकुरतात, मी घरीच बसतो. तरी जून उजाडला की त्या ओल्या सालीचा वास आठवतो आणि जीव नुसता कासावीस होतो. काय दिवस होते ते!

साल निघाली की उघड्या खोडावर पांढऱ्या रंगानं वर्षाचा शेवटचा आकडा लिहायचा. मग नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही. टेकडीखालचं मोठं झाड आम्ही सोललं ते दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात. काम संपलं होतं. फिर्मिनो वरच्या फांदीवरून उतरत होता, पाय निसटला आणि तो पाठीवर पडला.

"बेल्मिरो, माझे पाय कुठेत रे?" एवढंच म्हणाला. पाय त्याच्यासमोरच होते. मुकादमानं झाडावर ३ लिहिला तो रुग्णवाहिका गेल्यावर.

मणका मोडून आतला मज्जारज्जू चिरडला होता. बेंबीखाली त्याला काही म्हणता काही कळेना. दोनेक वर्षं त्यानं खिडकीत बसून काढली. मग लिस्बनच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लागला. नोएमिया त्यांचं नाव. फिर्मिनो, त्याची बायको देओलिंदा आणि मी, तिघंही गेलो.

"नाकाच्या आतलं अस्तर जन्मभर नवं होत राहतं," बाई म्हणाल्या. "त्यात मूळपेशी असतात. म्हणजे मोठेपणी काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी. त्या काढून पाठीतल्या जखमेत बसवायच्या."

"म्हणजे शिकाऊ पोरं," फिर्मिनो म्हणाला.

"अगदी! आणि तिथंच मी आधी चुकले. पहिल्या लोकांना ऑपरेशन करून घरी धाडलं. पोरांना कामावर घेतलं आणि काम दिलंच नाही. फारसं काही झालं नाही. आता जो नंतर दोन वर्षं इथं राहून रोज व्यायाम करील, त्यालाच घेते. तरी चालाल असं वचन देणार नाही. आणि अस्तर काढल्यानं वास घेण्याची शक्ती जाऊ शकते. परत येईल, न येईल."

"जाऊ दे," देओलिंदा म्हणाली. "नाहीतरी ह्यांना स्वतःच्या मोज्यांचा वास कधी आलाय?"

आम्ही हसलो. तेव्हा हसू आलं खरं.

ऑपरेशन झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याला भेटायला गेलो. जाताना सालीचा ताजा तुकडा नेला, ओल्या फडक्यात गुंडाळून. त्याला छताला पट्ट्यांनी टांगलं होतं, पायाखाली चालायच्या यंत्राचा पट्टा सरकत होता, आणि दोन मुली त्याचे पाय उचलून एकेक पुढे ठेवत होत्या. मी मोठ्या कौतुकानं तुकडा त्याच्या नाकाशी धरला. मूर्ख कुठचा मी!

त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तुकडा हिसकावून भिंतीवर भिरकावला.

"नाही येत! कॉफीचा नाही, देओलिंदाच्या लसूण-कोथिंबिरीच्या पावाच्या सूपचा नाही, ह्याचाही नाही. पाय गेलेच होते, आता हेही गेलं. मला घरी ने."

माझं डोकंच फिरलं. "घरी ने? मी काय तुझा हमाल आहे? तू पडल्यापासून मी दुसऱ्या कुणाबरोबर कुऱ्हाड धरली नाही. खाली साली गोळा करतो, पोरांची बोलणी खातो. ते तिनाचं झाड दोन हजार बाविसाला पुन्हा सोलायला येतंय. तू नसलास तर कुणाला हात लावू देणार नाही मी त्याला. मालक बोंबलू दे!"

एका मुलीनं तुकडा उचलून खिडकीत ठेवला. मग फिर्मिनो तिला म्हणाला, "आवळ गं ते पट्टे."

बाविसाच्या जूनमध्ये तो आला. गुडघ्याखाली लोखंडी पट्ट्या, दोन कुबड्या, वर अर्धी चड्डी, मधे गुडघे उघडे. गाडीपासून झाडापर्यंत यायला इतका वेळ लागला की मुकादमाची सिगारेट संपून दुसरी पेटली. तो माझ्या खांद्याला रेलला आणि खालचे घाव त्यानं घातले, वरचे मी. हात विसरले नव्हते. साल सुटली तशी करकरली आणि अख्खी हातात आली.

"वास कसा येतोय?" त्यानं विचारलं.

"तसाच."

"नीट सांग, गाढवा."

आयुष्यात मी कशाचं वर्णन केलेलं नाही. "ओल्या लाकडाचा," म्हटलं. "थोडा वाइनच्या पिंपाचा. आपण पंचविशीत होतो ना, तसा."

त्यानं मान हलवली. कुबड्या माझ्याकडे दिल्या आणि दोन्ही हातांनी उघडं खोड धरून त्याला टेकला. तसाच राहिला.

"गार आहे," तो म्हणाला.

"काय गार आहे?"

"झाड. गुडघ्याला गार लागतंय रे."

सगळ्या टोळीदेखत मी ढसाढसा रडलो. मला लाज वाटली नाही.

"रडतोस काय बायकांसारखा? ब्रश आण."

मी ब्रश आणला. त्यानं कमरेएवढ्या उंचीवर २ लिहिला, वाकडातिकडा, आणि मला म्हणाला, "पुढच्या खेपेला वर मी चढणार. तू खाली थांबायचं."

म्हणून रोज सकाळी गुडघ्यांना तेल चोळतो. दोन हजार एकतिसाला मला त्या झाडाखाली उभं राहायचंय.